गाडी जुनी, हात जाणते

यवतमाळ, पुसद, दारव्हा किंवा वणी येथील जुन्या पेठांतून सकाळी फेरफटका मारला, तर एखाद्या वाड्याच्या आवारात वा बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी गाडी आजही दृष्टीस पडते. कधी ती फियाट असते, कधी अ‍ॅम्बेसेडर, तर कधी कापसाच्या हंगामात गावोगाव फिरलेली जीप. टायर मातीत रुतलेले, काचांवर धुळीचा थर आणि बॉनेटखाली उंदरांचा संसार. घरातील तरुण मंडळींच्या लेखी ती अडगळ असते आणि भंगारवाला तिचे किती देईल, एवढाच प्रश्न उरलेला असतो. परंतु घरातील आजोबांना विचारून पाहावे. गाडी कोणत्या वर्षी आली, पहिल्या दिवाळीला ती कोठे नेली होती, घाटात तिचे पाणी कसे उकळत असे आणि कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला की आवाज कसा बदलत असे, हे सारे त्यांना मुखोद्गत असते.

वाचकहो, एका सर्वसाधारण डॉक्टरने मोटारींवर लिहावे याचे आपणांस नवल वाटेल. कारण सांगतो. साठी-सत्तरी ओलांडलेले अनेक पुरुष दवाखान्यात येतात, ते एकाच प्रकारच्या तक्रारी घेऊन. रात्री झोप लागत नाही, जेवणावर वासना नाही, अंग जड वाटते, कशातच मन रमत नाही. रक्तदाब तपासावा तर आटोक्यात, साखर बेताची, कार्डिओग्रामही ठीक. मग दिवसभर काय करता, असे विचारले की थोडा वेळ शांतता पसरते आणि उत्तर येते, "करायला आता काय उरलं डॉक्टरसाहेब?" मुले पुण्या-मुंबईला, शेती बटईने दिलेली, जोडीदार कधी आजारी तर कधी सोडून गेलेला. स्त्रियांना स्वयंपाकघर, शेजारपाजार, भजनी मंडळ यांचा काही आधार असतो. चाळीस वर्षे कामाच्या ठिकाणीच मित्र जोडलेल्या पुरुषाचा आधार मात्र निवृत्तीच्या दिवशी एकाएकी सुटतो. या दुखण्यावर गोळी देता येते आणि काही वेळा ती द्यावीही लागते. परंतु केवळ गोळीने रिकामा दिवस भरत नाही.

अशा रिकाम्या दिवसांवर जगात काही ठिकाणी एक उपाय अनेक वर्षांपासून चालत आला आहे. चार समवयस्कांनी एकत्र यावे, एखादी जुनी गाडी घ्यावी, तिला पूर्ववत करावे आणि तिच्यातून उभा राहणारा पैसा एखाद्या रुग्णालयाला वा सेवाकार्याला द्यावा. हा उपाय आपल्याकडे कसा राबविता येईल आणि त्यात आरोग्याच्या दृष्टीने कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार या लेखात करू.

खांद्याला खांदा लावून

इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींचे क्लब गावोगाव आहेत. कोणी आपली पडून असलेली गाडी क्लबला दान देतो. सभासद आठवड्यातून एक-दोन दिवस एखाद्या शेडमध्ये जमतात. कोणी इंजिन खोलतो, कोणी गंज घासतो, कोणी आसने शिवतो, तर कोणी नुसता चहा करून जुन्या गोष्टी सांगतो. वर्ष-दोन वर्षांनी गाडी पुन्हा धावू लागते. मग ती विकून, सोडतीत ठेवून किंवा प्रदर्शनात मांडून जमलेली रक्कम सत्कार्याला दिली जाते.

ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात याच विचारातून 'मेन्स शेड' नावाची चळवळ उभी राहिली. निवृत्त पुरुषांनी एकत्र येऊन सुतारकाम, यंत्रदुरुस्ती, खेळणी किंवा सायकली दुरुस्त करून गरजूंना देणे, असे तिचे स्वरूप आहे. 2007 मध्ये तेथे या शेडची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज त्या देशात एक हजाराहून अधिक शेड आहेत आणि आयर्लंड, ब्रिटन येथेही ही चळवळ रुजली आहे. तिच्यामागील निरीक्षण साधे आहे. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळे करीत नाहीत. खांद्याला खांदा लावून काम करताना मात्र सहज बोलतात. आपल्याकडील पानठेल्यावर किंवा पारावर बसणाऱ्या मंडळींना ओळखणाऱ्या कोणालाही हे पटेल. "तब्येत कशी आहे?" असे विचारले की "बरी आहे" एवढेच उत्तर मिळते. हातात पाना असला आणि नजर नट-बोल्टवर असली की तोच माणूस सांगतो, "दोन महिने झाले, लघवीला फार त्रास होतो." आजार वेळेत समजण्याचा मार्ग कित्येकदा असा आडवाटेने जातो.

या संदर्भात आणखी एक उपक्रम उल्लेखनीय आहे. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे 'डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड' सुरू झाली. जुन्या धाटणीच्या मोटारसायकलींवर, नीटनेटका सूट घालून जगभरातील हौशी चालक एकाच दिवशी फेरी काढतात आणि प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील संशोधन व पुरुषांचे मानसिक आरोग्य यांसाठी निधी गोळा करतात. भारतातील अनेक शहरांतही ही फेरी निघते. ज्या दोन विषयांवर आपल्याकडील ज्येष्ठ पुरुष बोलण्यास सर्वाधिक संकोचतात, नेमके तेच दोन विषय या फेरीने रस्त्यावर आणले, याचे मला विशेष वाटते.

आपल्या मातीतल्या गाड्या

जुन्या मोटारींचे वेड हे राजेरजवाड्यांचे किंवा मुंबईच्या धनिकांचे, अशी आपली समजूत असते. मुंबईत 'व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया' या संस्थेच्या जुन्या मोटारींच्या फेऱ्या निघतात, त्यांत तशा किमती गाड्याही असतात. परंतु आपल्या ज्येष्ठांच्या हाताला सवय आहे ती साध्या, कष्टाळू गाड्यांची, आणि त्यांचा इतिहास बराचसा महाराष्ट्रातच घडला आहे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. पन्नाशीच्या दशकातील फुगीर नाकाच्या फियाटला आपल्याकडे प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढे 1974 मध्ये याच घराण्यातील गाडीला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले आणि ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत पोहोचली. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना घरातील माणूस गेल्यासारखे वाटले. महिंद्र कंपनीने 1947 मध्ये मुंबईत जीप जोडण्यास आरंभ केला. तीच जीप पुढे आपल्या भागातील शेतरस्त्यांवर, निवडणुकांच्या प्रचारात आणि लग्नाच्या वऱ्हाडात दिसू लागली.

यंत्रावर माया करणे यवतमाळकरांना नवे नाही. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी शकुंतला ही अरुंद मापाची रेल्वे 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. ती थांबली तरी तिच्याविषयीची आपुलकी थांबलेली नाही. शिवाय आपल्याकडे एक मोठे धन आहे. एस.टी. महामंडळाच्या आगारांतून आणि नागपूरजवळच्या हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले मिस्त्री, फिटर, डेंटर, पेंटर, इलेक्ट्रिशियन आणि चालक आज गावोगाव आहेत. आवाजावरून बिघाड ओळखणारी ही शेवटची पिढी होय. संगणक लावून दोष शोधणाऱ्या आजच्या गॅरेजमध्ये त्यांना कोणी विचारीत नाही. पण कार्ब्युरेटर, डायनॅमो आणि काँटॅक्ट पॉइंटच्या गाडीपुढे आजचा तरुण मिस्त्री गोंधळतो आणि हे वृद्ध हात सरसावतात.

शरीराला व मनाला काय मिळते?

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने 1938 मध्ये सुरू केलेला एक अभ्यास आजही चालू आहे. शेकडो पुरुषांच्या आयुष्याचा तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत मागोवा घेतल्यावर त्यातून पुढे आलेला प्रमुख निष्कर्ष असा की, म्हातारपणीचे आरोग्य आणि समाधान यांच्याशी माणसामाणसांतील जिव्हाळ्याच्या संबंधांचे घट्ट नाते आहे. 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे 14 धोके सांगितले. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्या जोडीला ऐकू न येणे, दृष्टी कमी होणे आणि सामाजिक एकाकीपण यांचाही समावेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये माणसांच्या परस्परसंबंधांवर स्वतंत्र आयोग नेमला. एकटेपण हा केवळ मनाचा सल राहिलेला नाही. तो आरोग्याचा प्रश्न मानला जातो.

आता गाडीच्या कामाकडे वैद्यकीय दृष्टीने पाहू. पत्रा घासताना खांदे व मनगटे हलतात, पाना फिरविताना बोटांची पकड टिकते, वाकणे-उठणे होते, चार पावले अधिक टाकली जातात. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीनंतर आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुचविले आहेत. गाडीचे काम हा त्याचा पर्याय नव्हे, म्हणून सकाळचे चालणे सोडू नये. तथापि दिवसभर खुर्चीत बसण्यापेक्षा ते कितीतरी हिताचे.

बुद्धीलाही चालना मिळते. खोललेला भाग कोठून काढला हे लक्षात ठेवणे, दोषाचे कारण शोधणे, सुटा भाग मिळत नसेल तर युक्ती काढणे, हिशेब ठेवणे या सर्वांत मेंदू गुंततो. मात्र माझ्या मते खरा लाभ याहून निराळा आहे. मंगळवारी सकाळी नऊ वाजता कोणीतरी आपली वाट पाहत आहे, आपण गेलो नाही तर काम अडेल, ही जाणीव. ज्याची वाट पाहिली जाते तो माणूस दाढी करतो, स्वच्छ कपडे घालतो, औषधे वेळेवर घेतो. आणि काम जेव्हा परोपकारासाठी असते, तेव्हा "आपण इतरांवर ओझे झालो" ही वार्धक्यातील सर्वांत बोचरी भावना थोडी बोथट होते. घेणारा हात पुन्हा देणारा होतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. सतत दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, रडू येणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, अन्न तोडणे अशी लक्षणे असतील, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. आपल्या जिल्ह्याने या दुःखाची किंमत फार मोजली आहे. अशा वेळी छंदावर विसंबून राहू नये. डॉक्टरांना विनाविलंब भेटावे. 'टेलिमानस' ही शासनाची मोफत मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

हात विसरत नाहीत

घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सांभाळणाऱ्या वाचकांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. आपली स्मृती एकसंध नसते. सकाळी काय खाल्ले, काल कोण आले होते, ही प्रसंगांची स्मृती निराळी. आणि सायकल चालविणे, शिवणकाम, पान्याने नट आवळणे ही कौशल्याची स्मृती निराळी. मेंदूतील त्यांची ठिकाणेही वेगवेगळी असतात. अल्झायमरच्या आजारात पहिली स्मृती लवकर ढासळते. दुसरी बराच काळ शाबूत राहू शकते. म्हणूनच नातवाचे नाव विसरलेले आजोबा हातात स्पार्क प्लग दिला की तो पुसून, त्यातील फट डोळ्यांजवळ नेऊन पाहतात, तेव्हा घरचे थक्क होतात.

या उरलेल्या कौशल्याचा उपयोग करून घ्यावा. परंतु काम लहान आणि एका टप्प्याचे असावे. नट-बोल्ट आकाराप्रमाणे ताटलीत वेगळे करणे, क्रोमचा बंपर पुसणे, हबकॅपला पॉलिश करणे, दिव्याची काच धुणे, अशी कामे उत्तम. परिचित माणूस शेजारी असावा. चूक झाली तर ती दाखवून देऊ नये. नंतर गुपचूप सुधारून घ्यावी. धारदार अवजारे, पेट्रोल आणि गाडीची चावी त्यांच्या हाती लागणार नाही, याची खबरदारी घ्यावी. सायंकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते, म्हणून सकाळचीच वेळ निवडावी. खिशात नाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी.

स्टिअरिंग सोडण्याची वेळ

गाडीचा विषय निघाला की एक नाजूक प्रश्न टाळता येत नाही. वय वाढल्यावर गाडी चालविणे केव्हा थांबवावे? वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी चाळिशीनंतर 'नमुना 1-अ' हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते. हे प्रमाणपत्र घेण्यासाठी येणाऱ्यांपैकी कित्येकांची अपेक्षा असते की डॉक्टरांनी केवळ सही करावी. पण त्या सहीच्या पलीकडे रस्त्यावरून जाणारे शाळकरी मूल असते, हे आपण ध्यानात घ्यावे.

पुढील खुणा दिसल्यास घरच्यांनी सावध व्हावे: गाडीवर वारंवार नवे ओरखडे व पोचे दिसणे, रोजच्या रस्त्यावर चुकणे, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांत घोळ होणे, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणे, मागून वाजलेला हॉर्न ऐकू न येणे. यांतील काही गोष्टींवर उपाय आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करता येते, श्रवणयंत्र लावता येते, साखर एकदम उतरविणारे किंवा झोप आणणारे औषध बदलता येते. परंतु स्मृतिभ्रंश, काचबिंदूने अरुंद झालेली नजर, वारंवार येणाऱ्या फिट्स किंवा पक्षाघातानंतरचा अशक्तपणा यांत चावी खाली ठेवणे हाच मार्ग उरतो.

आयुष्यभर घर चालविलेल्या माणसाच्या हातून चावी काढून घेणे म्हणजे त्याचा मान काढून घेण्यासारखे असते. मुलाने तावातावाने चावी लपविली की घरात अबोला सुरू होतो. डॉक्टरांकरवी, शांतपणे, सर्वांसमक्ष न करता हा विषय काढावा आणि त्याच वेळी दुसरे काही हाती द्यावे. ज्यांनी चालविणे सोडले आहे त्यांच्यासाठी सामुदायिक गाडीदुरुस्तीचे मोल येथे कळते. चालविणारा कोणी तरुण असेल. पण इंजिन चालू झाल्यावर "आता टायमिंग बरोबर आहे" असा निर्वाळा देण्याचा अधिकार आजोबांचाच राहतो. गाडी चालविणे थांबले तरी गाडीशी नाते तुटत नाही.

सुरुवात कशी करावी?

*मंडळी.* आठ-दहा जण पुरेसे. त्यांत एक-दोन जाणते मिस्त्री, एक हिशेबनीस आणि किमान दोन तरुण असावेत. जड उचलण्याचे, गाडीखाली जाण्याचे व वेल्डिंगचे काम तरुणांनी करावे. आयटीआयच्या विद्यार्थ्यांना यातून जुने कसबही शिकता येईल. स्त्रियांनी दूर राहण्याचे कारण नाही. आसनांचे शिवणकाम, रंगसंगती, जुनी कागदपत्रे व छायाचित्रे जमविणे, निधीचा कारभार यांत त्या अनेकदा अधिक काटेकोर असतात आणि पाना हाती घेण्यासही कोणाची मनाई नसावी.

*जागा व वेळ.* सावली, वारा, वीज, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असलेली शेड हवी. ज्येष्ठांना लघवीसाठी वारंवार जावे लागते. शेवटची सोय नसेल तर ते पाणी पिणेच टाळतात. आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास एवढेच काम ठेवावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुष्कळ वर जातो. म्हणून मुख्य काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उरकावे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली काम करू नये.

*गाडी व कागदपत्रे.* गाडीचे नोंदणीपुस्तक कोणाच्या नावे आहे हे प्रथम पाहावे. वारसांची लेखी संमती घ्यावी. 2021 मध्ये केंद्र शासनाने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे वैध असते; फेरनोंदणीस 5,000 रुपये लागतात आणि क्रमांकपट्टीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. चॅसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठे बदल केल्यास हा दर्जा मिळत नाही, म्हणून दुरुस्ती मूळ स्वरूपाला धरून करावी. अशी गाडी नित्याच्या वापरास अथवा धंद्यास लावता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. त्याहून अलीकडच्या गाडीस नेहमीची फेरनोंदणी व तपासणी लागते. प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधीच चौकशी करावी.

*निधी.* परदेशात गाडी सोडतीत ठेवतात. आपल्याकडे शासनाच्या परवानगीवाचून अशी सोडत काढणे गुन्हा आहे. तो मोह टाळावा. गावातील नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला सोबत घ्यावे आणि प्रत्येक देणगीची पावती त्याच्या नावे द्यावी. शाळेच्या मैदानावर, जत्रेत किंवा गणेशोत्सवात गाडीचे प्रदर्शन भरविता येते. गाडी विकली तर रक्कम थेट न्यासाच्या खात्यात जावी. उद्देश लहान आणि डोळ्यांना दिसणारा असावा. गावात रुग्णोपयोगी साहित्य केंद्र सुरू करणे हे मला सर्वांत योग्य वाटते. वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, अंथरुणास खिळलेल्यांसाठी हवेची गादी, या वस्तू दोन-तीन महिन्यांसाठी लागतात आणि गरीब कुटुंबास विकत घेणे परवडत नाही. अनामत ठेवून त्या वापरास देता येतात.

दक्षता: हे अवश्य पाळा

- तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नका. थेंबभर पेट्रोल फुफ्फुसात गेले तरी गंभीर न्यूमोनिया होतो. चुकून गिळले गेल्यास उलटी करवू नका. थेट रुग्णालय गाठा.
- पेट्रोलने हात धुऊ नका. साबण व खोबरेल तेल वापरावे. कामाच्या जागी बिडी, सिगारेट संपूर्ण बंद.
- बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ सुरू होताच सर्वांनी मोकळ्या हवेत यावे.
- जुन्या ब्रेक-शू व क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकून वा हवेच्या दाबाने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. त्याचे दुष्परिणाम फुफ्फुसांवर कित्येक वर्षांनी दिसतात.
- जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. रंग कोरडा घासू नका. पाणी लावून पॉलिश पेपरने घासावा, योग्य मास्क वापरावा. ते कपडे घरी वेगळे धुवावेत आणि लहान नातवंडांना त्या धुळीपासून दूर ठेवावे.
- केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. भक्कम स्टँड व चाकांना अडण लावावी.
- गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. बॅटरीतील आम्ल डोळ्यांत उडाल्यास वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी व मग डॉक्टरांकडे जावे. ग्राइंडर चालताना चष्मा पुरेसा नाही. संरक्षक गॉगल हवा.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी धारदार पत्र्याचे काम टाळावे. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसल्यास घ्यावी.
- मधुमेहींनी उपाशीपोटी येऊ नये, खिशात साखर ठेवावी आणि चप्पल न घालता बंद बूट घालावेत.
- प्रोस्टेट वा रक्तदाबाच्या काही औषधांमुळे वाकून एकदम उठताना चक्कर येते. सावकाश उठावे.
- पेसमेकर बसविलेल्यांनी वेल्डिंगपासून दूर राहावे आणि चालू इंजिनच्या कॉइलवर ओणवे होऊ नये.
- हर्निया, पाठीचा मणका किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी जड उचलू नये. छातीत दाटणे, दम लागणे, घाम सुटणे असे काही झाले तर काम तेथेच थांबवावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

काळजीवाहकांसाठी दोन शब्द

वृद्ध वडील, सासरे किंवा पती यांची सेवा करणाऱ्या भगिनींना मी नेहमी विचारतो, की आपण स्वतःसाठी शेवटचे दोन तास केव्हा काढले? बहुतेकींना उत्तर देता येत नाही. आठवड्यातून दोन सकाळी घरातील ज्येष्ठ सुरक्षित सोबतीत शेडवर गेले, तर तो वेळ आपला आहे. त्यात घरकाम भरून काढू नये. झोपावे, मैत्रिणीकडे जावे, स्वतःचा रक्तदाब तपासून घ्यावा.

आणखी एक विनंती. "या वयात कशाला हे तेलकट उद्योग?" असे म्हणू नये. कपड्यांना लागलेले ग्रीस निघते. बोलण्याने पडलेला डाग निघत नाही. सोबत औषधांची यादी, पाण्याची बाटली आणि थोडा खाऊ द्यावा. घरी आल्यावर काय काम झाले ते विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे.

गाडी नसेल तर?

प्रत्येक गावात अशी गाडी मिळेल असे नाही. मिळाली तरी तिचा खर्च सर्वांना झेपेल असेही नाही. तरीही हा विचार सोडू नये. ज्या हातांना फियाटचे चाक खोलता येते, त्यांना व्हीलचेअरचे चाक सहज दुरुस्त करता येते. अनेक घरांच्या माळ्यांवर चाकाचे बेअरिंग गेलेली व्हीलचेअर, रबरी बूच झिजलेला वॉकर, साखळी तुटलेली तीनचाकी सायकल पडून असते. घरातील रुग्ण गेल्यावर त्या वस्तूंकडे पाहावेसेही वाटत नाही. त्या गोळा कराव्यात, धुवाव्यात, तेल-पाणी करून गरजूंना द्याव्यात. त्यासाठी नोंदणी नको, मोठी शेड नको. एक ओसरी, दोन पाने, थोडे ग्रीस आणि चार मित्र पुरेत. वॉकरच्या पायांना नवे रबरी बूच बसविण्यास फार खर्च येत नाही. आणि त्यामुळे एखाद्या आजीचे पडणे, खुब्याचे हाड मोडणे टळू शकते.

आपल्या घरातील ज्येष्ठांपैकी कोणाला यंत्रांची जाण असेल, तर या पंधरवड्यात त्यांना एवढेच विचारावे, "बाबा, ही खुर्ची अडते आहे, जरा बघता का?" चष्मा कोठे आहे, याचा शोध ते स्वतःच सुरू करतील.